गार बॉयलर

आमच्या बाळासोला लाज नावाची गोष्ट सत्तरी गाठल्यावर भेटली. तोवर तिची त्याला गरजच पडली नव्हती. धाकटा भाऊ म्हणून सांगत नाही, धाकट्या भावांचं कौतुक करण्यातली मी नव्हे. आमच्या पेठेत कुणालाही विचारा.

बाळासो जन्मभर उद्यमनगरात फौंड्रीच्या पॅटर्न शॉपमध्ये होता. लोखंडाची ओतीव वस्तू करायची तर आधी तिचा लाकडी नमुना लागतो. तो वाळूत दाबून काढून घ्यायचा आणि मागं राहिलेल्या पोकळीत वितळलेलं लोखंड ओतायचं. हा नमुना करतो तो पॅटर्न मेकर. लोखंड गार होताना आक्रसतं, म्हणून नमुना मापापेक्षा किंचित मोठा धरावा लागतो, आणि त्या 'किंचित'वरच या लोकांची अब्रू टिकून असते. एकदा एका नमुन्यात केसाएवढा फरक राहिला. मालक म्हणाले, "चालतंय की बाळासो." हा म्हणाला, "मग तुमीच चालवा," आणि डबा घेऊन घरी आला. दुसऱ्या दिवशी मालकांनी माणूस पाठवून बोलावून नेलं, आणि त्यानं नमुना नव्यानं केला. असा माणूस.

निवृत्तीनंतर बाकीचे रंकाळ्याला फेऱ्या मारतात, कट्ट्यावर बसून सरकार पाडतात. यानं घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये वाफेचं इंजिन करायला घेतलं. आगगाडीचं. खेळण्यातलं नव्हे बरं का. खऱ्यासारखंच, फक्त लहान. आत कोळसा पेटवायचा, बॉयलरमधल्या पाण्याची वाफ करायची, वाफेनं दट्ट्या ढकलायचा, दट्ट्यानं चाकं फिरवायची. रुळांमधलं अंतर पाच इंच. मागं एक बुटकी गाडी जोडायची आणि तिच्यावर पाय पसरून बसून माणसानं ते चालवायचं. परदेशात हा छंद करणारे पुष्कळ आहेत म्हणे. त्यांचे नकाशे त्यानं मोबाइलवर मिळवले आणि इंग्रजी अडलं की माझ्याकडं यायचा.

"आक्का, हे बग, ह्याचा अर्थ काय?"

मी हायस्कुलात विज्ञान शिकवलेलं, त्यामुळं शब्द सांगायचे. अर्थ तो त्याच्या हातांनी लावायचा. चाकांचे नमुने स्वतः सागवानात केले, ओतून आणले जुन्या फौंड्रीतून, घासले जुन्या लेथवर. एकेका चाकाला दोन-दोन महिने. संयोगिता, म्हणजे त्याची बायको, माहेरची कागलची आणि जिभेची सुरीसारखी, येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, "आमच्यात सवत हाय शेडमदी. तिला रोज त्याल-पानी, आन मला भाजी आणा म्हटलं की कंबर धरतीया."

पण चहा दिवसातून चारदा शेडमध्ये जायचा, तो तीच न्यायची.

वर्षं गेली. पेठेत त्या इंजिनाची एक चेष्टा होऊन बसली. लग्न न ठरणाऱ्या मुलीच्या बापाला विचारावं तसं लोक बाळासोला विचारायचे, "काय काका, झाली काय गाडी?" दूध आणायला जावं तर तेच, दाढीला बसावं तर तेच. त्यात आमच्या तालमीचा अध्यक्ष उदयसिंह. पोरगा वाईट नाही. दुधाचा व्यवसाय, गळ्यात साखळी, आवाज असा की माइकची गरज नाही, आणि तरी माइक सोडत नाही. गेल्या नवरात्रात घटस्थापनेच्या दिवशी तालमीपुढं पाच-पंचवीस माणसं जमलेली असताना तो बाळासोला म्हणाला, "काका, आमची पोरं म्हातारी हुईपातूर तरी पळंल न्हवं गाडी?"

सगळे हसले. बाळासोही हसला असता तर विषय तिथंच संपला असता. पण तो ताडकन म्हणाला, "दसऱ्याला पळवतो. नारळ घेऊन ये."

बाकी काम झालं होतं, खोटं नव्हतं ते. बॉयलरची परीक्षा तेवढी राहिली होती. तेवढीच!

दुसऱ्या दिवशी सकाळी कोपऱ्यावर दुमजली उंचीचा फ्लेक्स लागला. कोल्हापुरात माणूस जन्मला तर फ्लेक्स, दहावी झाला तर फ्लेक्स, शेजाऱ्याच्या म्हशीनं शर्यत मारली तर फ्लेक्स. हे आम्हाला नवं नाही. मधोमध बाळासो, चष्म्याला चकाकी दिलेली, मागं धुराचे लोट आणि खऱ्याखुऱ्या एक्स्प्रेसचं चित्र. खाली लिहिलेलं: 'वाफेचा बादशहा, पेठेची शान, मा. बाळासो काका खराडे यांच्या इंजिनाचा भव्य शुभारंभ, दसऱ्याच्या मुहूर्तावर.' त्याखाली उदयसिंह आणि तालमीची सतरा डोकी. मी बाळासोला म्हटलं, "अरे, अजून परीक्षा व्हायचीय ना?"

"हुतीया की आक्का. तू नगं काळजी करू."

आता पुढचं मला नंतर कळलं. पण ते तुम्हाला इथंच सांगते, कोडी घालत बसायला मला वेळ नाही.

बॉयलर तांब्याचा. आत नळ्यांचा जुडगा, आणि सगळे सांधे चांदीनं झाळून बंद केलेले. परीक्षा अशी, की बॉयलर पाण्यानं काठोकाठ भरायचा, हातपंपानं पाण्याचा दाब चढवायचा आणि दाबाच्या घड्याळाचा काटा बघत बसायचं. काटा जागचा हलला नाही तर बॉयलर पक्का. अष्टमीच्या दुपारी बाळासोनं एकट्यानं शेडचं दार लावून ती परीक्षा घेतली. काटा चढला, थबकला आणि हळूहळू उतरायला लागला. त्यानं पुन्हा पंप मारला. पुन्हा उतरला. बॅटरी लावून बघितलं तर आतल्या एका नळीच्या बुडाशी पाण्याचा थेंब फुगत होता, पडत होता, परत फुगत होता.

हा दोष न सुधारण्यासारखा नव्हता. सगळा बॉयलर पुन्हा भट्टीत लाल करायचा, सांधा परत झाळायचा, तेजाबानं धुवायचा, परत परीक्षा. पुरा एक दिवस, फार तर दीड. पण दुसऱ्या दिवशी होती खंडेनवमी.

हत्यारं वापरून पोट भरणाऱ्यांच्या घरात खंडेनवमी म्हणजे काय असतं ते बाहेरच्यांना सांगावं लागतं. त्या दिवशी सगळी हत्यारं धुऊनपुसून पाटावर मांडायची. हळदकुंकू, झेंडू, लेथला हार. हत्यारं पूजेला बसली की दसऱ्याच्या सकाळी नारळ फुटेपर्यंत त्यांना हात लावायचा नाही. पान्यालासुद्धा नाही. त्या दिवशी उद्यमनगरातून चाललात तर स्वतःच्या पावलांचा आवाज ऐकू येतो. बाळासो या बाबतीत इतका कडक, की एका खंडेनवमीला संयोगितेचा नळ गळत होता तर यानं खाली बादली लावली, पण पान्याला बोट लावलं नाही.

तेव्हा नवमीला दुरुस्ती नाही, आणि दशमीला सकाळी दहाला शुभारंभ. उदयसिंहाकडं जाऊन 'बॉयलर गळतोय, दिवाळीला पळवू' एवढं म्हणायचं होतं. एका वाक्याचं काम! पण कोपऱ्यावर तो दुमजली बाळासो उभा होता ना. त्याच्या खालून जाऊन हे वाक्य बोलायला याचे पाय निघेनात.

नवमीचा अख्खा दिवस हा पूजेच्या पाटापुढं बसून राहिला. संयोगितेला वाटलं, यंदा भक्ती वाढली.

दसऱ्याच्या पहाटे त्यानं नारळ फोडला, नमस्कार केला आणि रंग मारायच्या कंप्रेसरवरचं झेंडूचं फूल उचलून बाजूला ठेवलं. मग त्या कंप्रेसरनं बॉयलरमध्ये हवा भरली. इंजिनाला वाफ काय आणि दाबलेली हवा काय, दट्ट्या ढकलला जातोच. हवाही त्या सांध्यातून निसटत होती, पण एका फेरीपुरती राहील असा त्याचा अंदाज होता. धुराड्याच्या बुडाशी चार निखारे ठेवून त्यांवर ऊद टाकला. देवाचा नियम त्यानं तंतोतंत पाळला आणि माणसांना फसवायला निघाला. माझ्या भावाच्या हातून हे झालं.

तालमीच्या पटांगणात या टोकापासून त्या टोकापर्यंत रूळ टाकलेले. हलगी कडाडत होती. बायका गच्च्यांवर. पुढच्या खुर्च्यांवर मी, संयोगिता आणि प्रमुख पाहुणे. पाहुणे म्हणजे उदयसिंहानं जयसिंगपुराहून शोधून आणलेले भरमाप्पा अण्णा. मिरजेच्या लोको शेडमध्ये कोळसा मारता मारता ड्रायव्हर झालेले, बारक्या रुळांवर बेळगाव-लोंढ्याकडं वाफेची इंजिनं हाकलेले. वय ऐंशीच्या पुढं. पांढरं धोतर, पांढरी टोपी, कपाळाला विभूतीचे पट्टे. सोबत नात, शिवलीला, दवाखान्यात नर्स आहे. अण्णा इंजिनाकडं असे बघत होते, की कुणी नमस्कार केला तरी मान वळत नव्हती.

संयोगितेनं इंजिनाला ओवाळलं. नवीन पैठणी नेसली होती बिचारी. उदयसिंहानं नारळ फोडला. बाळासो मागच्या गाडीवर बसला, दांडा ओढला आणि इंजिन निघालं.

काय दिसलं म्हणून सांगू! हिरवं अंग, पितळी पट्ट्या, चाकांना जोडलेले दांडे वरखाली, आणि धुराड्यातून फुस् फुस् फुस् उदाचा धूर. पटांगणाचा देव्हारा झाला. पोरांनी शिट्ट्या मारल्या. मागून कुणीतरी ओरडलं, "काका, पुन्याला थांबतीया काय?" माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला बोलू. इंजिन त्या टोकाला गेलं, उलटं परत आलं आणि थांबलं.

"दुसरी फेरी! दुसरी फेरी!"

"न्हाय, न्हाय. पयल्या दिवशी लई ताण द्यायचा नसतोय," बाळासो म्हणाला. मला वाटलं, दमला असेल. मान खाली घालून घाम पुसत होता.

तेवढ्यात भरमाप्पा अण्णा उठले. कुणी बोलावलं नव्हतं. काठी खुर्चीला टेकवली, तुरुतुरु चालत इंजिनापाशी गेले, वाकले आणि बैलाच्या पाठीवर ठेवावा तसा उजवा तळहात बॉयलरवर पसरून ठेवला.

"अण्णा, जपून! भाजंल!" उदयसिंह माइकवरून ओरडला.

अण्णांनी हात काढला नाही. हळूच मान वर करून बाळासोकडं बघितलं. मी समोरच होते. बाळासोचं तोंड मी लहानपणापासून बघत आले आहे, तसं कधी बघितलं नव्हतं. रंग नव्हता त्यावर. आणि मग अण्णांनी एकदम हात मागं खेचला, बोटं झटकली आणि मोठ्यानं ओरडले, "अय्यय्यो! चटका बसला की!"

टाळ्यांचा कडकडाट. "जाळ हाय जाळ!" पोरं नाचायला लागली. कुणी उसाच्या गाड्यावरून बर्फ आणला. शिवलीलेनं पिशवीत घालून अण्णांच्या तळहातावर बांधला. पुढं फेटा, शाल, श्रीफळ, उदयसिंहाचं भाषण, त्याच्या भाषणावर आणखी एकाचं भाषण, एवढं सगळं होईस्तोवर तो म्हातारा मांडीवर बर्फाची पिशवी घेऊन बसून होता. धोतर भिजलं. बाळासो शेजारीच फेटा बांधून. दोघांनी एकमेकांकडं एकदाही बघितलं नाही.

बाळासो सोनं द्यायला आला नाही, म्हणून संध्याकाळी मीच त्यांच्या घरी गेले. दसऱ्याला आपट्याची पानं धाकट्यानं थोरल्याला द्यायची आणि पाया पडायचं, आमच्याकडं अजून चालतं. बाळासो शेडमध्ये लेथच्या बाकावर बसला होता. फेटा पायाशी पडलेला.

"ऊठ रे, सोनं दे."

"माझ्या हातनं सोनं घेऊ नगंस आक्का."

आणि मग सगळं बाहेर पडलं. थेंब, खंडेनवमी, कंप्रेसर. मी ऐकून घेतलं. मला पहिल्यांदा काय वाटलं सांगू? हसू आलं. उदावर पळणारी आगगाडी! पण तो पुढं म्हणाला, "लोकास्नी फसवलं त्येचं एक असूंदे. त्यो म्हातारा माझ्यापायी खोटं बोलला गं. हात ठेवल्या ठेवल्या कळलं त्येला. माझं तोंड बगितलं आन भाजल्याचं सोंग केलं. मला जोड्यानं मारला असता तरी चाललं असतं."

हसू गेलं माझं.

"मग सांगून टाक जा. आत्ता. उदयसिंह तालमीतच आहे."

गेला की. मीही गेले मागोमाग, हा अर्ध्यातून परत फिरेल म्हणून. उदयसिंहानं सगळं ऐकलं आणि बाळासोच्या खांद्यावर हात ठेवला. "काका, वाफ काय आन हवा काय? पळाली न्हवं?"

"आरं पर खोटं हुतं त्ये."

"कोण म्हंतंय खोटं? लोकांनी डोळ्यांनी बगितलंय. तुमी लई साधं हाय बगा, काका. एवढं मोठं काम केलं तरी मान खालीच. पोरांनो, शिका कायतरी!"

दुसऱ्या दिवशी फ्लेक्सला हार! अशी ही तऱ्हा. माणूस 'मी चोर आहे' म्हणतो आणि लोक म्हणतात, काय विनय आहे बघा. दूध आणायला गेला तर दूधवाला अर्धा लिटर जास्त घालतो. दाढीला गेला तर न्हावी पैसे घेत नाही. बाळासो बाहेर पडायचाच बंद झाला. संयोगितेला त्यानं सांगितलं तेव्हा ती तडक माझ्याकडं येऊन फुटली.

"मी ओवाळलो की हो आक्का त्येला. सगळ्यांम्होरं. पैठणी नेसून मी हवेला ओवाळलो! बायका मला म्हनल्या, नशीबवान हाईस गं. मी काय म्हनलो म्हाईताय? म्हनलो, माझ्या नवऱ्याचं काम कवा कच्चं नसतंय."

शेडमधला चहा बंद झाला.

मी दोन दिवस बघितलं आणि मग गाडी काढली. अजून मीच चालवते, पोरं घाबरतात तो त्यांचा प्रश्न. "बस," म्हटलं, "जयसिंगपूरला जायचंय." तो बसला. हातकणंगले आल्यावर म्हणाला, "काय बोलू त्येंच्यासंगं?" मी म्हटलं, "ते मला विचारू नकोस. मला फक्त रस्ता विचार."

घर स्टेशनच्या मागं. अण्णा ओसरीवर बसले होते, आणि उजव्या हाताला कोपरापर्यंत पांढरी पट्टी. मी बाळासोकडं बघितलं. तो दारातच थिजला.

शिवलीला बाहेर आली. "या, या. बसा की. फोड आला न्हाय बगा नशिबानं. तरी मी मलम लावून रोज पट्टी बदलतो. म्हातारी कातडी, काय सांगता येतंय?"

"शिवलीले, चहा टाक जा, अव्वा," अण्णा म्हणाले. ती आत गेली तशी त्यांनी हात बाळासोपुढं केला. "सोड ही."

"आं?"

"पट्टी सोड म्हंतो, तम्मा." धाकट्या भावाला कानडीत अशी हाक मारतात. "चार दिवस झालं, भाजलेला न्हाय त्यो हात घेऊन बसलोय. डाव्या हातानं जेवतोय. नात घास भरवायला बगती. रातीला निजताना उशी देती हाताखाली. तिला काय सांगू? तुझा आज्जा नाटकी हाय म्हणून?"

बाळासो खाली बसला आणि पट्टी सोडायला लागला. लाकडावर केसाचा फरक ओळखणारी त्याची बोटं, पण गाठ सुटेना. अण्णा वरून बोलत होते, आवाज चढवून.

"का बोललो मी? तुझं तोंड बगितलं आन तोंडातनं निगून गेलं. दया आली, दुसरं काय. लई वंगाळ गोष्ट दया. आमच्या इंजिनात स्टीम नसली की आमी गार्डाला सांगायचो, स्टीम न्हाय. गाडी थांबायची. लोक खिडकीतनं शिव्या द्यायचे, आईबापावरनं द्यायचे. आमी ऐकत कोळसा मारायचो. स्टीम आली की निगायचो. त्येची कवा लाज वाटली न्हाय. आन म्हातारपणी तुझ्या गावात जाऊन गार बॉयलरला गरम म्हणालो! सतरा लोकांम्होरं न्हवं, सतराशे लोकांम्होरं."

"अण्णा, चुकलं माझं."

"त्ये मला म्हाईत हाय. आता हिला कोण सांगणार? तू का मी?"

शिवलीला चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. पट्टी सुटून खाली पडलेली, आणि अण्णांचा तळहात उघडा, मलमानं चकचकीत, डागसुद्धा नाही. बाळासोनं उठून, हात जोडून, तिला सांगितलं. सगळं. उदासकट. पोरगीनं ट्रे ठेवला. आधी तिच्या ओठांवर हसू फुटत होतं, ते मावळलं. ती आज्जाकडं वळली. "आज्जा, मी ड्युटीवरनं येऊन रोज रातीला तुमची पट्टी बदलत हुतो. एकदा तरी सांगायचं की."

अण्णांनी मान खाली घातली. बाळासोनं तर आधीच घातलेली. चहा गार झाला. मी प्यायले, फुकट कशाला घालवायचा.

निघताना अण्णा दारापर्यंत आले. "तम्मा, उदयसिंहाला सांगून भागत न्हाय. जिथं केलंस तिथं सांग. मला बोलवू नगंस. माझं नाव घे मातर. म्हण, भरमाप्पा बी खोटं बोलला."

कोजागरीला तालमीत मसाला दुधाची कढई असते. अख्खी पेठ जमते, माइक असतोच. अंधार पडता पडता, दूध आटत असतानाच, बाळासो पुढं गेला आणि उदयसिंहाच्या हातातून माइक घेतला. उदयसिंहाला वाटलं, आभाराचं भाषण. त्यानं टाळ्यासुद्धा सुरू केल्या.

"दसऱ्याला माझ्या इंजिनात वाफ न्हवती," बाळासो म्हणाला. "बॉयलर गळतोय. मी हवा भरून पळवलं. धूर उदाचा हुता. भरमाप्पा अण्णांचा हात भाजला न्हवता. माझी अब्रू जाऊ नये म्हणून त्ये तसं म्हणालं. त्येनीच सांगितलंय, हे बी सांग म्हणून. मी तुमास्नी फसवलं."

तालमीच्या आत उदयसिंहापुढं बोललेलं वेगळं आणि भर पटांगणात बोललेलं वेगळं. इथं विनय म्हणायला कुणाला जागा राहिली नव्हती. कढईतला झारा थांबला. मग मागून एक आवाज आला, "म्हंजे आमी उदबत्तीला शिट्ट्या मारल्या व्हय रं?" आणि सगळं पटांगण हसलं. हसणं दोन जातींचं असतं. घटस्थापनेच्या दिवशीचं वेगळं होतं. एक म्हातारा उठून म्हणाला, "आरं, बापाचं नाव तरी बगायचं." उदयसिंहाचं तोंड लालबुंद. त्याचा फोटो होता ना फ्लेक्सवर. त्यानं माइक काढून घेतला, असा की खर्रकन आवाज आला, आणि म्हणाला, "दूध तयार हाय. लाइन करा."

बाळासो तिथून घरापर्यंत चालत आला ते मला विसरता येणार नाही. रस्ता तोच, रोजचा. कुणी अडवलं नाही, कुणी 'काका' म्हटलं नाही. दारांतल्या बायका बाजूला झाल्या. आमच्या वडिलांना या रस्त्यावर लोक जोडे काढून नमस्कार करायचे. मी मान वर ठेवून चालले, पण मान वर ठेवायला जोर लावावा लागला. संयोगिता मागून झपझप आली आणि त्याच्या बरोबरीनं चालायला लागली. थोडं पुढं गेल्यावर म्हणाली, "दूध पिऊन तरी यायचं. बदाम घातलं हुतं."

त्या रात्रीतच फ्लेक्स उतरला. वाया काही जात नाही आमच्याकडं. कोपऱ्यावरच्या बांधकामाच्या सिमेंटच्या पोत्यांवर तो टाकलाय. चष्म्याची चकाकी वर आहे. बाळासो रोज त्याच्या शेजारून जातो. आता कुणी 'झाली काय गाडी' विचारत नाही. त्या चेष्टेचा त्याला एवढा राग यायचा, पण ती गेली आणि वाटेत बोलायलाच कुणी उरलं नाही. पोरं पाठीमागून तोंडानं फुस् फुस् करतात. एकदा मी वळून एकाचा कान धरला. बाळासो म्हणाला, "सोड त्येला आक्का. बरोबर करतंय त्ये."

दिवाळी झाली. त्यानं बॉयलर उघडला. एकच सांधा कच्चा होता, पण त्यानं सगळ्या नळ्या काढल्या. हुपरीला जाऊन चांदीची झाळायची तार आणली आणि पहिल्यापासून परत सुरुवात केली. हिवाळा गेला त्यात. चहा परत सुरू झाला आहे, चारदा नाही, दोनदा. जयसिंगपूरला त्यानं फोन केला होता. अण्णा म्हणाले, "स्टीम आली की सांग. न्हाय आली तरी सांग."

मागच्या आठवड्यात मला बोलावणं आलं. शेडमध्ये गेले तर बॉयलर बाकावर, पाण्यानं भरलेला, हातपंप जोडलेला. दाबाच्या घड्याळापुढं एक खुर्ची मांडलेली.

"बस इथं. मी पंप मारतो. काटा तू बग."

"तुझे डोळे काय झाले?"

"डोळ्याला काय न्हाय," तो म्हणाला. "त्ये बगतंय, पर मग मी त्येला समजावतो. तू कुणाचं ऐकत न्हाईस."

मी बसले. त्यानं पंप मारला. काटा चढत गेला, त्यानं ठरवलेल्या खुणेवर आला. त्यानं हात काढला आणि भिंतीकडं तोंड करून उभा राहिला. संयोगिता कपबशी घेऊन दारात आली होती, तीही तिथंच थांबली. मी चष्मा वर सरकवला. बराच वेळ काटा हलला नाही. माझ्या मनात आलं, उठावं, 'झालं रे' म्हणावं, एवढं दुःख बघून झालं या घरातलं. मी उठले नाही.

"आक्का?"

"थांब."

काटा खुणेच्या किंचित खाली आला होता. नख लावून बघावं एवढाच.

"उतरला," मी म्हटलं.

"किती?"

"थोडा. पण उतरला."

त्यानं वळून बघितलंसुद्धा नाही. खाली वाकला, तोटी सोडली आणि पाणी बादलीत जायला लागलं. "बरं," तो म्हणाला. "संयोगिता, कोळशाचं पोतं वड हिकडं. परत लाल करायला लागतंय."